अल्पायुष्याचा हिशेब

(एस. वाय. बी. ए.)

साहित्याच्या किंवा संगीताच्या इतिहासात कुणाचेही नाव आले की त्यापुढे कंसात दोन साले असतात. पहिले जन्माचे, दुसरे मृत्यूचे. परीक्षेत ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ या प्रश्नाला ती उपयोगी पडतात, म्हणून आपण ती पाठ करतो. मला मात्र पहिल्यापासून वजाबाकीची खोड. केशवसुत, १८६६ ते १९०५, बाकी ३९. गडकरी, १८८५ ते १९१९. वाढदिवस यायचा होता, म्हणून ३३. बालकवी, १८९० ते १९१८. तोच प्रकार, म्हणून २७. संगीत रंगभूमीचे केशवराव भोसले ३१ व्या वर्षी गेले. गायक द. वि. पलुसकर ३४ व्या वर्षी. स्मिता पाटील ३१ व्या वर्षी. मी आज १९ वर्षांची आहे. म्हणजे बालकवींच्या हिशेबाने माझ्या हातात आठ वर्षे उरली! असा विचार मनात आला की हसू येते, आणि मग येत नाही.

गुणी माणसे लवकर का जातात? हा प्रश्न मी अनेकांना विचारून पाहिला. तीन उत्तरे मिळाली.

पहिले उत्तर वर्गातल्या एका मैत्रिणीचे. ती इंग्रजी गाणी ऐकते. तिने मोबाइलवर मला एक यादीच दाखवली. जिमी हेंड्रिक्स १९७० साली गेला, जॅनिस जॉप्लिन त्याच वर्षी, जिम मॉरिसन १९७१ साली, एमी वाइनहाउस २०११ साली. सगळे २७ वर्षांचे. तिकडे याला ‘सत्तावीसचा क्लब’ असे नावच पडले आहे. मी म्हटले, “मग आमच्या बालकवींनाही घ्या त्यात.” ती म्हणाली, “अगं, खरा कलावंत कापरासारखा असतो. जळून जातो, मागे राखसुद्धा उरत नाही.” वाक्य सुंदर आहे. कुणाच्याही वहीत उतरवून घ्यावे असे आहे.

दुसरे उत्तर आमच्या राजुरीच्या भजनी मंडळातल्या एका आजोबांचे. आमच्या शेजारी आळे गाव आहे. ज्ञानोबा माउलींनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले, त्याची समाधी तिथे आहे असे आम्ही मानतो. त्यामुळे या भागातल्या पोरांना माउलींचे वय शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते. आजोबा म्हणाले, “माउलींनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. काम झालं की थोर माणसं थांबत नाहीत, पोरी.” माउलींची गोष्ट वेगळी, तिथे मी वजाबाकी करीत नाही, हात जोडते. पण आजोबा तोच नियम पुढे सगळ्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना लावतात, तेव्हा मात्र मन अडते. ‘राजसंन्यास’ अपुरे टाकून गेलेल्या गडकऱ्यांचे काम झाले होते, असे कोण म्हणेल?

तिसरे उत्तर माझ्या घरातले आहे, आणि ते माझ्या आईचे आहे.

आईचे माहेर आणे पठारावर. तिथे पावसाचा भरवसा नाही. बाजरी आली तर आली. तिच्या धाकट्या भावाला लहानपणापासून ढोलकीचा नाद. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यायला तिथे येतात, हे आपल्या तालुक्यातल्या वाचकांना सांगायला नको. अशाच एका फडात मामा ढोलकी वाजवायचा. २९ व्या वर्षी तो गेला. मी तेव्हा चार वर्षांची होते. मला त्याचा चेहरा आठवत नाही. घरात त्याचा फोटो आहे तो आधार कार्डासाठी काढलेला. त्याच्या नावापुढे कंसात साले लिहिलेली कुठे सापडणार नाहीत.

आमच्या घरात सातवीच्या पुढे कुणी शिकलेले नाही. मी बी.ए.ला आले याचे आईला केवढे अप्रूप! पण मी गाणे शिकते याचे नाही. आळेफाट्यावर एक गुरुजी शिकवतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा मी मागच्या वर्षी दिली. यंदा प्रवेशिका प्रथमचा फॉर्म आणला, तो आईने पिठाच्या डब्याखाली ठेवून दिला. म्हणाली, “ढोलकीनं खाल्लं मपल्या भावाला. आता गळ्यानं मपली पोरगी खायला नको.”

मैत्रिणीचे उत्तर सुंदर, आजोबांचे उत्तर श्रद्धेचे, आणि आईचे उत्तर जिवाच्या भीतीचे. पण नीट पाहिले तर तिन्ही उत्तरे एकच आहेत. तिघेही म्हणतात, कला माणसाला नेते. कुणी ते कौतुकाने म्हणते, कुणी भयाने. हे खरे असेल तर मी तो फॉर्म डब्याखालीच राहू द्यायला हवा. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ग्रंथालयातून चरित्रे आणली आणि वहीत नवा रकाना आखला : कशाने गेले?

केशवसुत हुबळीला प्लेगने गेले. १८९६ साली मुंबईत आलेल्या त्या साथीने कवी पाहिला नाही की कारकून पाहिला नाही. बालकवी जळगाव जिल्ह्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात गेले. केशवराव भोसले विषमज्वराने गेले, म्हणजे आपण ज्याला टायफॉइड म्हणतो त्याने. पलुसकर मेंदूज्वराने. स्मिता पाटील बाळंतपणानंतरच्या आजारात गेल्या. मुलगा जेमतेम पंधरा दिवसांचा होता. गडकरी क्षयाने सावनेरला गेले. मैत्रिणीच्या यादीतही हेंड्रिक्स, जॉप्लिन आणि वाइनहाउस यांच्या नावापुढे झोपेची औषधे, हेरॉइन, दारू हेच लिहावे लागते.

रकाना भरून झाला तेव्हा मी तो वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. त्यात ‘कला’ हा शब्द एकदाही आला नाही. ताप, साथ, क्षय, बाळंतपण, अपघात, व्यसन. ही तर आपल्या कुठल्याही गावातल्या मरणांची यादी! कापूर कुठेच नव्हता.

मग मी आणखी एक केले. एकाच आजाराच्या दोन-दोन माणसांच्या जोड्या लावल्या. गडकऱ्यांना क्षय झाला तेव्हा त्यावर औषध नव्हते. अखेरच्या आजारात त्यांनी ‘भावबंधन’ पुरे केले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी ते गेले. पुढे १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला. १९४७ च्या सुमाराला कुमार गंधर्वांना हाच क्षय झाला. वय विशीचेच. गाणे बंद करावे लागले, देवासला जाऊन राहावे लागले, काही वर्षे अंथरुणावर काढावी लागली. एक फुप्फुस जवळजवळ कामातून गेले. पण ते नवे औषध तोवर आपल्या देशात आले होते, आणि पत्नी भानुमतीबाईंनी केलेली शुश्रूषा होती. १९५३ साली कुमारजी पुन्हा गायले आणि १९९२ साली, ६७ व्या वर्षी गेले. अंथरुणावर पडल्या-पडल्या कानावर आलेल्या माळव्यातल्या लोकगीतांतून त्यांनी पुढे नवे राग उभे केले. १९४८ सालीच ते गेले असते तर? तर आपण त्यांनाही ‘अकाली मावळलेला तारा’ म्हटले असते, २४ हा आकडा पाठ केला असता, आणि काय गेले याचा आपल्याला पत्ताही लागला नसता!

दुसरी जोडी माझ्या घरातली. केशवराव ४ ऑक्टोबर १९२१ रोजी टायफॉइडने गेले. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्या वडिलांना टायफॉइड झाला. डॉक्टरांनी गोळ्या आणि सलाइन दिले, आणि महिन्याभरात वडील पुन्हा उसाला पाणी धरायला गेले. टायफॉइडवर गुणकारी औषध आले ते १९४८ च्या सुमाराला. केशवराव आणि माझे वडील यांच्यामध्ये प्रतिभेचे अंतर आहे हे मी कबूल करते. पण एक गेला आणि एक वाचला, तो प्रतिभेमुळे नव्हे.

तर मग लहान वयात एवढे मोठे काम त्यांच्या हातून झाले ते कसे? लवकर जायचे होते म्हणून? छे! लवकर सुरुवात केली म्हणून. केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला काढली, तेव्हा ते १७ वर्षांचे होते, आणि पोरवयापासून नाटक कंपनीत राबत आलेले होते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले. बालगंधर्व १९६७ पर्यंत होते, आणि त्यांची अखेरची वर्षे कशी हालाची गेली हे आपण वाचलेले आहे. म्हातारपणाचे हाल पाहावे लागले नाहीत म्हणून केशवराव भाग्यवान, असे कुणी म्हणू शकेल. मला तसे म्हणवत नाही. कोल्हापूरच्या ज्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळाले, तेव्हा लोक रस्त्यावर उभे राहून रडले. नाट्यगृह पुन्हा बांधता येते.

बालकवींना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली ती जळगावच्या कविसंमेलनात, १९०७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी. पलुसकरांची गोष्ट तर मला सगळ्यांत जवळची वाटते. त्यांचे वडील पं. विष्णु दिगंबर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ज्या मंडळाचा फॉर्म आमच्या पिठाच्या डब्याखाली होता, ते मंडळ त्यांच्याच शिष्यांनी त्यांच्यामागे उभे केले. १९३१ साली विष्णु दिगंबर गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा. वडिलांचे शिष्य विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्याला शिकवले. चौदाव्या वर्षी जालंदरच्या हरवल्लभ संमेलनात तो गायला. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबर त्यांचा आवाज आहे. १९५५ साली भारताच्या सांस्कृतिक पथकाबरोबर ते चीनला जाऊन आले, आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला गेले.

एस.टी.त खिडकीजवळ जागा मिळाली की मी मोबाइलवर पलुसकर ऐकते. आळेफाटा येईपर्यंत एक भजन होते. त्या आवाजात कुठे घाई नाही. लवकर जायचे आहे अशी धावपळ नाही. अजून चाळीस वर्षे गायचे आहे असे समजून निवांत गाणाऱ्या माणसाचा तो आवाज आहे. ज्यांना मरणातच कलावंताचे मोठेपण दिसते, त्यांनी तो एकदा ऐकावा.

हा सगळा हिशेब मी आईला सांगितला. कांद्याची लागण चालू होती. ती वाफ्यात रोपे लावीत होती, मी रोपांच्या जुड्या पुरवीत होते. गडकरी, केशवराव, पलुसकर सगळे सांगितले; आजार सांगितले, औषधांची साले सांगितली. “बघ, यात कुणालाच गाण्यानं खाल्लेलं नाही,” मी म्हटले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग हात न थांबवता तिने विचारले, “आन त्यांच्या घरच्यांचं काय झालं?”

हा रकाना माझ्या वहीत नव्हता. मग मी मास्टर दीनानाथांचे सांगितले. गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ ज्यांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर गाजवले, ते दीनानाथ मंगेशकर. कंपनी मोडली, पैसा गेला, आणि २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात ४१ व्या वर्षी ते गेले. मागे बायको आणि पाच मुले. थोरली लता, बारा वर्षांची. घर चालवायला तिला चित्रपटात कामे करावी लागली.

आईने ‘लता’ म्हणताच मान वर केली. “म्हंजी ती लता?” “हो.” “बारा वर्षांची?” “हो.” आई कमरेवर हात देऊन उभी राहिली, आणि आजवर कधी सांगितली नव्हती ती मामाची गोष्ट तिने सांगितली.

मामाने त्या वर्षी फडाकडून उचल घेतली होती. घरात लग्न होते, पठारावर सलग दोन वर्षे पीक गेले होते. उचल घेतली की हंगाम पुरा करावा लागतो. चैत्रात त्याला ताप येऊ लागला, डोळे पिवळे दिसू लागले. कावीळ होती. पण रोज एका गावची जत्रा, रोज नवा तंबू. ढोलकी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावी तर तसा कुणी नव्हता, आणि घरी जावे तर उचल अंगावर. त्याने ताप कुणाला सांगितलाच नाही. वैशाख सरता सरता त्याला जीपमध्ये घालून घरी आणले तेव्हा फार उशीर झाला होता. “औषध व्हतं ना तवा?” आईने मला विचारले. “तू म्हंतीस ते औषध व्हतंच की. सलाइन व्हतं, डागदर व्हते. पर त्याला निजायला सवडच नव्हती.”

मला माझ्या जोड्या आठवल्या. कुमारजींना औषध मिळाले हे खरे. पण त्याआधी त्यांना गाणे थांबवता आले. काही वर्षे गायला नाही तरी कुणी त्यांच्या मागे उचलीचा कागद घेऊन आला नाही. औषधाइतकीच ही मुभाही औषधच होती. ती मामाला मिळाली नाही. तेव्हा आईचे म्हणणे मी असे मांडीन : कला माणसाला खात नाही, पण कलेवर पोट असलेल्या माणसाला आजारी पडण्याची परवानगी नसते.

आपल्या नारायणगावच्या विठाबाईंची एक गोष्ट सगळे अभिमानाने सांगतात. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा आल्या, पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, आज त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. ही गोष्टही मी आईला सांगितली. वाटले, तिला तरी धीर येईल. आई म्हणाली, “कौतिक काय करायचं त्यात? दोन दिस निजू द्यायची व्हती बाईला.”

या एका वाक्याला आमच्या कुठल्याही पुस्तकात जागा नाही. आपण प्रेक्षक म्हणून टाळ्या वाजवतो त्या बऱ्याचदा कलावंताच्या अंगातल्या तापाला असतात. तो मेला की हळहळतो, त्याच्या वयाचा आकडा पाठ करतो, ‘देवाला आवडला’ म्हणतो. असे म्हटले की कुणाला काही विचारावे लागत नाही. डॉक्टर का आणला नाही, उचल कुणी माफ का केली नाही, त्या रात्री ढोलकी न वाजताही जत्रा का पार पडली नसती, हे प्रश्न मग उरत नाहीत. देवाच्या आवडीवर सगळा हिशेब मिटतो. मला तो तसा मिटू द्यायचा नाही.

त्या संध्याकाळी आईने डबा सरकवला आणि फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. त्याची घडी पिठाने पांढरी झाली होती. फीचे पैसे तिने दुधाच्या पगारातून दिले. पण तीन अटी घातल्या. बी.ए. पुरी करायची. क्लासवरून अंधार पडला तर उसाच्या कडेने एकटीने यायचे नाही, बिबट्या आहे. वडिलांना फोन करायचा. या दोन अटी कुठल्याही आईने घातल्या असत्या.

तिसरी अट घालताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, चुलीत लाकूड सारत होती. म्हणाली, “आन ताप आला तर गाणं तिथंच ठिवायचं. समोर किती का मानसं बसलेली असनात. ताप लपवायचा न्हाई.”

मी हो म्हटले.